बंद घरातले थेंबे

नगरपालिकेच्या पाणी खात्यात त्यांना सगळे थेंबे म्हणायचे. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कुठे नळ ठिबकताना दिसला की या माणसाचं पाऊल पुढे पडायचंच नाही. रस्त्यावरचा असो, दवाखान्यातला असो, परक्याच्या अंगणातला असो, खिशातून वॉशर काढून हे उकिडवे बसलेच म्हणून समजा. एकदा मोठ्या साहेबांच्या निरोपाचं भाषण ऐन रंगात आलेलं आणि हे गृहस्थ हळूच उठून हात धुवायच्या जागी गेले. आत साहेबांचा गळा दाटून आलाय आणि बाहेरून ठण्, ठण्, ठण्! लोकांना रडावं की हसावं कळेना. त्या दिवसापासून नाव जे चिकटलं ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत काही सुटलं नाही.

काम चावीवाल्याचं. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याच्या खाली पाण्याचा व्हॉल्व्ह. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत घालायची, दोन्ही हातांनी फिरवायची, की त्या भागाला पाणी सुटलं. मग सायकल पुढच्या झाकणाकडे. हे सगळं लोक अंथरुणात असतानाच उरकायचं. म्हणजे बघा, अख्ख्या गावाने ज्यांच्या हातचं पाणी प्यायलं, त्या माणसाचं तोंड काही गावाने कधी पाहिलं नाही. आठवण मात्र निघायची. पाणी आलं नाही की आयाबहिणींसकट निघायची!

कधी तक्रार आली तर दारावर जावं लागे. आतून "कोण?" असा आवाज आला की थेंबे खणखणीत ओरडायचे, "नगरपालिका!" नाव सांगायची गरज कधी पडली नाही. कुणी विचारलंही नाही.

घराचं नाव राखलं ते बायकोने. ती दारात बसली की गल्लीतली निम्मी माणसं तिथे थबकायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, कुणाच्या मुलाची नोकरी, सगळं तिच्या पायरीवर यायचं. सगळ्यांची ती वहिनी. थेंबे तेव्हा आतल्या खोलीत डोळ्यांवर पंचा टाकून पहाटेची झोप भरून काढत पडलेले असायचे. बाहेरचं हसणं पंच्याखालून ऐकू यायचं आणि त्यांना बरं वाटायचं. आपलं घर बोलतंय, आपण झोपायला हरकत नाही, असा एकूण हिशेब होता.

मग ती गेली. गल्ली लोटली, चार दिवस माणसांची रीघ होती, आणि नंतर हळूहळू आटली. त्यांची वहिनी गेली होती. आता या घरात यायचं कुणाकडे? लोकांचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही. थेंबेंनी कुणाला बोलावलं नाही. खरं सांगायचं तर माणसांना बोलवतात कसं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते खातं बायकोकडे होतं.

पुढे ते निवृत्त झाले आणि जणू मुहूर्त बघून घराची पुढची बाजू खचायला लागली. आधी भिंतीला केसाएवढी रेघ, मग बोट जाईल एवढा तडा. चौकट तिरकी झाली आणि पुढचं दार जे एकदा बसलं ते उघडेचना. खांदे मारून झाले, तेल घालून झालं, शिव्या देऊन झाल्या. शेवटी दार बंद तर बंद, पण चोराने ढकलून बघू नये म्हणून थेंबेंनी बाहेरून कडीला एक भलंमोठं कुलूप अडकवलं आणि बिऱ्हाड मागच्या खोलीत, म्हणजे बायकोच्या स्वयंपाकघरात हलवलं. एक खाट, एक खुर्ची, शेगडी. येणं-जाणं मागच्या बोळातून. बोळात दोन घरांचं सांडपाणी वाहायची एक मोरी आणि दोन मांजरं. बाकी कुणी फिरकत नसे.

भिंतीपलीकडे मात्र माणसं होती. बायको गेल्यानंतर शेजारच्या घरात एक शिवणकामवाली बाई आणि तिची शाळकरी मुलगी राहायला आल्या होत्या. त्या बाईचं पायमशीन नेमकं थेंबेंच्या खाटेच्या उशाशी, मधे फक्त भिंत. दिवसभर ते खडखड चालायचं. थेंबे त्या आवाजावर उठायचे, जेवायचे, आडवे व्हायचे. बाईंना त्यांनी समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. त्या पुढच्या दाराने जायच्या, हे मागच्या. आणि इकडून तिकडे ऐकू जाईल असा आवाज थेंबे करणार तरी कसला? एकटा माणूस कुणाशी भांडणार? नळसुद्धा असा सोडायचे की धार बादलीच्या कडेने गुपचूप खाली उतरावी. दिवसाला एक बादली. त्यातच आंघोळ, त्यातच भांडी, उरलेलं बोळातल्या मांजरांना.

भिंतीचा तडा वाढत चालला होता. दूर दुसऱ्या गावी राहणारा धाकटा भाऊ फोनवर म्हणायचा, "दादा, कशाला जीव टांगणीला लावतोस? ये इकडे. व्हरांड्यात टाकू एक खाट." बायकोला विचारून सांगतो, असंही पुढे पुटपुटायचा. थेंबे हो हो म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दुसऱ्याच्या व्हरांड्यातली खाट म्हणजे काय, हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

तेवढ्यात सरकारची घरदुरुस्तीची मदत जाहीर झाली. ज्यांचं स्वतःचं घर पडायला आलंय आणि बांधायची ऐपत नाही त्यांच्यासाठी. अट एकच, मालक त्या घरात राहत असला पाहिजे. मागे म्हणे लोकांनी बंद पडलेल्या घरांवर मदत उपटली होती. थेंबेंना वाटलं, ही अट तर आपल्यासाठीच घातलीय! आपण राहण्याशिवाय त्या घरात दुसरं करतो काय? अर्ज देऊन आले आणि निवांत झोपले.

पाहणीला नगरपालिकेतून एक तरुण मुलगी आली. नेमके थेंबे फेरीला गेलेले. निवृत्त झाले तरी त्यांची सकाळची फेरी काही सुटली नव्हती. झाकणं जागेवर आहेत ना, कुठे पाणी झिरपत नाही ना, बघत फिरायचे. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मुलीने पुढच्या दाराचं कुलूप पाहिलं, त्यावरची धूळ पाहिली. बोळात शिरून मागचं कुलूप पाहिलं. मीटर पाहिलं, तर काटा जवळजवळ होता तिथेच. शेजारी विचारलं, तर मशीन न थांबवता शिवणकामवाली म्हणाली, "ते होय? ते बंदच असतं." झालं! मुलीने लिहिलं, घर बंद.

थेंबे कचेरीत गेले तेव्हा खिडकीशी तीच मुलगी बसली होती.

"अहो मॅडम, बंद कसलं? मी राहतो तिथे!"

"काका, वापर असता तर मीटर फिरलं असतं हो. माणूस राहतो म्हणजे पाणी लागतं."

"लागतं की. एक बादली."

मुलीने हातातला कागद बाजूला ठेवला. मनाने वाईट नव्हती ती. म्हणाली, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण माझा विश्वास मी कुठल्या रकान्यात लिहू? पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. मीटर फिरलेलं असू दे, आणि शेजारचं कुणीतरी सांगू दे की तुम्ही इथे राहता. तेवढं झालं की काम झालं. नाही झालं तर मात्र भिंत ज्या अवस्थेत आहे ती बघता घर धोकादायक म्हणून रिकामं करायला सांगतील. मग माझ्या हातात काही नाही."

तेवढं झालं की! शेजारच्या कुणीतरी फक्त सांगायचं की हा माणूस इथे राहतो. थेंबे घरी येईपर्यंत मनातल्या मनात माणसं निवडत होते आणि बोळाशी पोचेपर्यंत एकही हाताला लागलं नव्हतं.

तरी निघाले. समोरच्या घराची कडी वाजवली. आत रेडिओ चालू होता.

"कोण?"

"नगरपालिका!" थेंबे खणखणीत ओरडले. तोंडाला वळणच तसं, त्याला ते तरी काय करणार? आतला रेडिओ पट्‌दिशी बंद झाला. कुणीतरी कुणाला तरी श्श् म्हणालं. मग ते घर असं चिडीचूप झालं की थेंबेंनाच आपण जाऊन कुणाला भूल दिली की काय असं वाटलं. घरपट्टी थकली असणार, दुसरं काय!

कोपऱ्यावरच्या घरात निवृत्त मास्तर राहत. ते पायरीवर उन्हात बसले होते, त्यामुळे कडी वाजवायचा प्रश्न नव्हता. थेंबेंनी सगळं नीट सांगितलं.

"कुठलं घर म्हणालात? वहिनींचं?" मास्तरांचा चेहरा एकदम मऊ झाला. "काय बाई होती हो ती! पण ते आता रिकामं आहे. त्या गेल्या आणि मालक कुठे भावाकडे निघून गेला म्हणतात."

"मालक मीच."

"असं का? वा, वा!" मास्तर मनापासून खूश झाले. "मग कधी आलात परत?"

थेंबे म्हणाले, "झाले बरेच दिवस," आणि निघाले. शिवणकामवालीच्या दारापर्यंत गेले. आत मशीन चालू होतं. ते बंदच असतं, हे तिचे शब्द कानात होते. इतकी वर्षं उशाशी उशी आणि ही म्हणते बंद! राग आला त्यांना. आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. उचललेला हात तसाच खाली आला.

राहिलं मीटर. ते तर हातातलं होतं. फक्त नळ सोडायचा.

तुम्हाला-मला यात काही वाटणार नाही. पण ज्याने जन्मभर थेंब वाचवला, त्याला भरभरून नळ सोड म्हणणं म्हणजे गवळ्याला दूध गटारात ओत म्हणण्यासारखं. आधी त्यांनी निमित्तं काढली. दोनदा आंघोळ केली. फरशी धुतली. खाट बोळात ओढून धुतली. मग फळीवरची बायकोची भांडी खाली उतरवली. ती गेल्यापासून त्यांना हात लागला नव्हता. एकेक पातेलं, एकेक झाकण घासून, धुऊन, पुसून परत जागच्या जागी. शेवटच्या पातेल्याला बाहेरून पोचा आलेला होता. तो कधी आला, कसा आला, त्यावरून तिने किती बोलून घेतलं, सगळं आठवलं. ते पातेलं त्यांनी उगाच दोनदा धुतलं.

आणि मग धुवायला काही उरलं नाही. मीटर तर अजून हवं तितकं फिरलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पाणी आलं तसा थेंबेंनी नळ सोडला, त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले. मागे पाणी मोरीत धो धो चाललं होतं. बराच वेळ हा माणूस मांडीवर मुठी आवळून बसला होता, आणि घरात कुणी बघायला नव्हतं म्हणूनच केवळ हे त्याच्याने झालं.

पलीकडलं मशीन थांबलं. थोड्या वेळाने मागचं दार धाडकन ढकललं गेलं.

"आई गं!" दारात एक बाई किंचाळली. हातात भिजून चिंब झालेल्या कापडाचा गठ्ठा. बोळातली मोरी तुंबून पाणी तिच्या मागच्या पडवीत शिरलं होतं. बंद घरातला नळ फुटला अशा समजुतीने ती बघायला आली, तर खुर्चीवर माणूस! "कोण? कोण तुम्ही?"

थेंबे गडबडून उभे राहिले. आणि तोंडातून काय निघावं?

"नगरपालिका!"

घ्या! स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीसमोर उभं राहून हा माणूस म्हणतो नगरपालिका!

"मग बसलाय काय असे? बंद करा की तो नळ!" बाई कडाडली. "गिऱ्हाइकाला कपडा द्यायचाय उद्या, सगळा चिखल केलात!" थेंबेंनी मुकाट्याने नळ बंद केला. तिने गठ्ठा पिळला, इकडेतिकडे पाहिलं आणि जरा निवळली. "बरं झालं वेळेवर आलात. या घराला मालक आहे की नाही, देव जाणे. जाताना मागचं दार नीट लावून घ्या हं, मांजरं शिरतात." आणि गेली.

थेंबे दाराकडे बघत उभे राहिले. आधी त्यांना हसू आलं, खूप हसू आलं. खुर्चीवर बसून एकटेच हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. पंचा तोंडात धरून रडले. भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून!

पाहणीवाली मुलगी ठरल्या दिवशी आली. या खेपेला थेंबे फेरीला गेले नव्हते. सकाळपासून धुतलेला सदरा घालून बोळात उभे होते. मुलीने मीटर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "फिरलं की काका! आता शेजारच्यांना विचारते." ती शिवणकामवालीला मागच्या बाजूला घेऊनच आली.

"या घरात कुणी राहतं का, बाई?"

"छे! मागे सांगितलं ना मी. मधे नळ फुटून पाणी पाणी झालं होतं, तर तुमच्याच नगरपालिकेचा माणूस येऊन बंद करून गेला. हे काय, हेच ते!" तिने थेंबेंकडे बोट दाखवलं. "तुम्हीच ना हो?"

मुलीने थेंबेंकडे पाहिलं. मीटर का फिरलं, ते तिच्या लक्षात आलं होतं. तिने पेनाला टोपण लावलं. थेंबेंना भावाचा व्हरांडा दिसला. खाट दिसली.

"मी राहतो इथे," ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नसावं, म्हणून परत म्हणाले, "मी इथे राहतो, ताई. तुमच्या भिंतीमागे. तुम्ही सकाळी मशीनवर बसलात की आधी रिकामं पायडल मारून बघता. पट्टा सुटला की मशीनला मेल्या म्हणता. मुलीला सातचा पाढा येत नाही. सात आठेला अडते, मग तुम्ही पट्टी आपटता, मग ती रडते, मग तुम्हीच तिला जवळ घेता, कारण मग मशीन बराच वेळ चालत नाही."

बाई मधल्या भिंतीकडे बघायला लागली.

"ती तापाने फणफणली होती ना, त्या रात्री मशीन नव्हतं. नुसतं कापड पिळल्याचा आवाज. गल्लीला पाणी आलं नव्हतं त्या दिवशी, पुढची पाइपलाइन फुटली होती. म्हटलं, यांच्याकडचं संपेल. माझ्याकडची भरलेली कळशी मी भिंतीपाशी ठेवली होती. उजाडेपर्यंत बसलो होतो शेजारी."

"शेवटचा तांब्या उरला होता," बाई हळूच म्हणाली. ती पाहणीवाल्या मुलीशी बोलत नव्हती, थेंबेंशीही नव्हती. मग तिचा आवाज चढला. "शेवटचा तांब्या! मी वेड्यासारखी पुढे जाऊन तीन दारं वाजवली पाण्यासाठी. आणि तुम्ही इथे भरलेली कळशी घेऊन बसला होता? मग दार का नाही वाजवलंत?"

थेंबेंनी सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

"तुम्ही विचारलं असतं, कोण?" ते म्हणाले.

शिवणकामवालीने डोळे पुसले आणि पाहणीवाल्या मुलीवरच खेकसली, "बघताय काय? लिहा! राहतात म्हणून लिहा. माझं नाव घाला खाली."

मदत मिळाली. गवंडी आले, धुरळा झाला, पुढची भिंत उतरवून नवी उभी राहिली. चौकट सरळ बसली. कुलूप काढून थेंबेंनी आत खिळ्याला टांगलं. पुढचं दार बोटाने ढकललं तरी उघडायला लागलं. खाट पुढच्या खोलीत आली. गवंडी थाप्या-घमेली उचलून गेले आणि घर पहिल्यासारखं गप्प झालं. कारण सरकार झालं तरी भिंत देईल, दारातलं माणूस कुठून देणार? पायरीवर ते संध्याकाळी बसायचे. जाणारा-येणारा बघायचा, हेही बघायचे. शिवणकामवाली जाता-येता "काय काका?" म्हणायची, हे "काही नाही" म्हणायचे आणि मग पुढे काय बोलायचं ते ती गेल्यावर सुचायचं. मशीन आता दोन भिंतींपलीकडे गेलं होतं, नीट ऐकूही यायचं नाही. रात्री त्याचीच चुटपुट लागायची.

एका सकाळी गल्लीला पाणी आलं नाही. नवीन चावीवाला उठलाच नसावा. बाया दारादारांतून त्याचा उद्धार करत होत्या, त्यात शिवणकामवालीचा आवाज नव्हता. थेंबे स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. मशीन नाही. मुलगी खोकत होती.

कळशी भरलेली होतीच. ती कुठली रिकामी असायला! त्यांनी कळशी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. पुढच्या दाराने बाहेर पडले, चार पावलं चालले आणि तिच्या दाराची कडी वाजवली. पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडलं, तर त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"कोण?" आतून आवाज आला.

ओठांवर तेच आलं होतं, नेहमीचं, खणखणीत. थेंबेंनी ते गिळलं. गिळायला वेळ लागला.

"कोण आहे?"

"मी," थेंबे म्हणाले. "मी, शेजारचा."

"मग ढकला की, काका, उघडंच आहे!"

दार ढकलून आत जायची त्यांना सवय नव्हती. ते क्षणभर कळशी घेऊन तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी खांद्याने दार ढकललं.